जांभळ्या बाहीवरचा डाग

मी उजव्या हाताचं पहिलं बोट जिभेवर ओलं केलं आणि चित्रातल्या जपानी बाईच्या जांभळ्या बाहीवर टेकवलं.

"अवो साहेब!" गिरजाक्का जवळजवळ किंचाळल्या.

मी मनातल्या मनात पाच आकडे मोजले, बोट उचललं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. बोटाचं टोक जांभळं झालं होतं.

"पाहिलंत? रंग सुटतोय. चित्र खरंच जुनं असतं तर सुटला असता?"

"पाणी लागल्यावर सुटंलच की. कच्चा रंग हाय त्यो."

"तेच म्हणतोय मी. कच्चा आहे, म्हणजे नवा आहे. म्हणजे हे चित्र खोटं आहे. खरं कुठे गेलं, पतंगे बाई?"

गिरजाक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाहीकडे बघत होत्या. तिथे टिकलीएवढा फिकट डाग पडला होता आणि त्याच्याभोवती गडद कड उमटली होती. त्यांनी पदराचं टोक पुसायला म्हणून पुढे केलं, आणि तसंच मागे घेतलं.

"मग बाकीच्या अकरा बायकास्नी पन लावून बगा बोट," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय! ती चित्रं खरी आहेत!"

हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने उच्चारलं, तेवढा आत्मविश्वास पुढच्या एकोणचाळीस वर्षांत मला पुन्हा कधी लाभला नाही. तो टिकला असता तर मी नक्की संचालक होऊन निवृत्त झालो असतो.

ही हकिकत १९८६ च्या नोव्हेंबरातली, चिंचगडची. चिंचगड हे एकेकाळचं छोटंसं संस्थान. संस्थान गेलं, घोडे गेले आणि रिकाम्या पागेत ट्रस्टने वस्तुसंग्रहालय थाटलं. एका ठाणात तलवारी, दुसऱ्यात बंद पडलेली घड्याळं, तिसऱ्यात पेंढा भरलेला एकाक्ष बिबट्या, अशी सगळी मांडणी. शेवटच्या तीन ठाणांत जपानी चित्रं होती. ती राजेसाहेबांनी १९३४ साली जपानहून आणलेली. यादीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं : 'जपान देशीच्या इतिहासांतील व दंतकथांतील नामांकित स्त्रिया. नग बारा. लांकडी ठशांची छपाई.' कोणती स्त्री कोण, हे लिहायचं राहून गेलं होतं, आणि पन्नास वर्षांत ते कुणी विचारलंही नव्हतं.

मग एके दिवशी जपानमधल्या एका विद्यापीठातून हिराता नावाच्या बाईंचं पत्र आलं, की ही चित्रं पाहायला मी येते. ट्रस्टने पुरातत्त्व खात्याला कळवलं. खात्यात शोधाशोध सुरू झाली की जपानी कुणाला येतं. मी पुण्यात सहा महिने संध्याकाळच्या वर्गाला जात होतो आणि त्याचं प्रमाणपत्र अर्जाला जोडायची मला भारी हौस. मला नोकरीत चार महिने झाले होते, कायम व्हायला आणखी दोन बाकी होते. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "आठल्ये, जपानी वाचता येतं ना?" मी म्हणालो, "येतं."

येत होतं ते असं. चित्रांच्या कोपऱ्यात नाव लिहिलेली एक उभी पट्टी होती. अक्षरं जुन्या वळणाची, गवत वाऱ्याने झोपावं तशी एकमेकांवर झोपलेली. बारा चित्रांत मिळून मला एकच अक्षर ओळखता आलं, आणि तेही बाराही चित्रांत तेच होतं. पण पाटीवर काहीतरी लिहिणं भाग होतं. म्हणून मी दिसेल तसं लिहून टाकलं. 'घोड्यावरील स्त्री.' 'स्त्री व कोल्हा.' 'पडदा उचलणारी स्त्री.' खाली काळ घातला, 'बहुधा एकोणिसावे शतक'. 'बहुधा' हा शब्द आमच्या खात्याचा मोठा आधार आहे.

सातव्या चित्रात भरजरी झग्यांचे थरावर थर घातलेली एक बाई रुंद भांड्याशी गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी पाण्यात काहीतरी बुडवत होती. मी पाटी लिहिली, 'धोबीण'.

"धोबीण?" पाटी डकवताना गिरजाक्का म्हणाल्या. "धुनं धुवायला एवढं नटून कोन बसतं, साहेब? पदर खोचल्याला न्हाई, बाह्या वर न्हाईत."

"जपानमध्ये तशी पद्धत असते."

"आन ते कापड न्हाई. कागद हाय. वल्या कापडाची घडी अशी पडत न्हाई."

"पतंगे बाई," मी म्हणालो, "तुम्ही फक्त पाटी सरळ आहे का बघा."

गाव त्यांना गिरजाक्का म्हणत असे. मी मात्र 'पतंगे बाई' म्हणायचो, कारण कार्यालयीन शिस्त की काय ती मला पाळायची होती. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, भावसार समाजातल्या. त्यांच्या वडिलांचं ठशांनी कापड छापायचं काम होतं. चिंचगडातल्या प्रत्येक लग्नात पतंग्यांचं जाजम अंथरलेलं असायचं. पुढे गिरणीचं कापड आलं, ठसे माळ्यावर गेले, नवरा लवकर गेला, आणि माहेरी, माहेरच्या आडनावावर परतलेल्या गिरजाक्का पागेत झाडलोट करायला लागल्या. त्या कामात इतक्या मुरल्या की बावीस वर्षांपासून सगळ्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. लिहिता-वाचता येत होतं, त्यामुळे नोंदवहीही त्याच भरत.

सातव्या चित्राची भानगड अशी. अठरा वर्षांपूर्वी चित्रं वाड्यातल्या पेटाऱ्यातून काढून पागेत लावली, तेव्हाच त्याची काच फुटली. नवी काच मिळावी म्हणून गिरजाक्कांनी तीन अर्ज केले. काच आली नाही. तेव्हा त्यांनी चित्र चौकटीतून काढलं, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलं, कडुनिंबाचा पाला घातला आणि पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवून दिलं. आता पाहुणी येणार म्हणून अखेर काच आली आणि मी ते चित्र पेटीतून काढलं.

काढलं आणि बघतच राहिलो. बाकीच्या अकरा जणी कशा अदबशीर फिकट होत्या. राखाडी, तपकिरी, पिवळसर. इतिहास म्हटला की असाच दिसायला हवा, असं माझं ठाम मत होतं. आणि ही सातवी जांभळ्या-गुलाबी रंगात नुसती झगमगत होती, सत्यनारायणाला निघाल्यासारखी. झालं! तिची पाटी डकवून झाल्यावर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अठरा वर्षं चित्र एकाच बाईच्या ताब्यात, कुलूपबंद पेटीत, कुणाच्या नजरेसमोर नाही. खरं विकून टाकलं आणि त्या जागी नवं ठेवलं! त्यानंतर मी बोट ओलं केलं.

ट्रस्टचे सेक्रेटरी विश्वासराव शितोळे हे निवृत्त मामलेदार. भारदस्त माणूस, पण सरकारी कागद दिसला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी त्यांना माझा अहवाल दाखवला. त्यात मी लिहिलं होतं, 'सदर चित्राचे रासायनिक परीक्षण केले असता ते बनावट असल्याचे निष्पन्न झाले.' रसायन कोणतं, हे लिहिलं नव्हतं.

"आठल्ये साहेब, खात्री आहे ना?" शितोळ्यांनी चष्मा काढून विचारलं. "गिरजाक्का आहे ती. अहो, ह्या पागेत चिमणीनं घरटं केलं तरी ती नोंदवहीत लिहिते."

"भावनेचा प्रश्न नाही, शितोळे साहेब. शास्त्राचा आहे."

शास्त्र म्हटल्यावर शितोळे हरले. त्यांनी गिरजाक्कांना बोलावलं आणि खाली मान घालून सांगितलं, "अक्का, किल्ल्या ठेव इथं. उद्या ती जपानी बाई येऊन जाऊ दे. परवा हा कागद अध्यक्षांकडे जाईल. मग ते म्हणतील तसं. पोलिसांत द्यायचं म्हणाले तर माझाही इलाज नाही."

गिरजाक्कांनी कमरेचा जुडगा सोडला. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. आम्ही दोघे पुरुष भिंतीकडे बघत उभे राहिलो.

"बावीस वर्सांत हितली टाचणी हालली न्हाई, साहेब," त्या शितोळ्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "गावात दर लग्नाला माझ्या बापानं छापल्यालं जाजम आसतंय. आता त्याच जाजमावर बसून लोक म्हनतील, पतंग्याची गिरजा चोर निघाली. तुमी पुन्याला जाल. मी कुटं जाऊ?"

मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "कायदा सगळ्यांना सारखाच असतो." खरं तर तेव्हा माझ्या मनात एवढंच चाललं होतं, की हे प्रकरण वर्तमानपत्रात आलं तर माझं नाव पूर्ण छापतील की नुसतं आडनाव.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला हिराता बाई आल्या. साठीच्या, बुटक्या, पांढऱ्या केसांचा आखूड कट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी लवून नमस्कार केला. मीही लवलो आणि आदल्या दिवसापासून घोकलेलं जपानी वाक्य एका दमात म्हणून टाकलं. त्यांचा चेहरा उजळला आणि त्या उत्तरादाखल दोनेक मिनिटं जपानीत बोलल्या. मी हसत मान डोलवत राहिलो. त्या थांबल्या, माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. बहुधा काहीतरी विचारलं होतं. मी पुन्हा मान डोलवली. त्यावर त्या इंग्रजीवर आल्या, आणि दिवसभर तिथेच राहिल्या. शितोळ्यांचं इंग्रजी महसुली कागदपत्रांपुरतं होतं, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

हिराता बाई एकेका चित्रापुढे उभ्या राहत आणि विचारत, खाली काय लिहिलंय? मी सांगे, घोड्यावरची स्त्री. त्या नुसतं 'हं' म्हणत आणि मग हळूच सांगत, की ही फार मोठी लढवय्यी होती, एकटी शंभरांना भारी, धन्याच्या अखेरच्या लढाईत शेवटपर्यंत त्याच्याबरोबर होती. मी सांगे, स्त्री व कोल्हा. त्या म्हणत, ही कोल्हीणच आहे, एका माणसाने तिचा जीव वाचवला म्हणून बाईचं रूप घेऊन त्याच्या घरी नांदली, आणि खरं रूप उघडं झाल्यावर तान्हं मूल टाकून तिला जंगलात जावं लागलं. शितोळ्यांनी हे ऐकून नाक पुसलं. मी मात्र मनात म्हणालो, कोल्हा ओळखला होता ना आपण, बास झालं.

सहाव्यानंतर त्या थबकल्या. भिंतीवर मोकळा खिळा होता.

"सातवं?"

मी घसा साफ करून सांगितलं, की सातवं दुर्दैवाने बनावट निघालं, तपास चालू आहे.

"बघू शकते?"

मी कपाटातून चित्र आणलं आणि टेबलावर ठेवलं. काच बसवायची राहिलीच होती. हिराता बाईंनी ते पाहिलं आणि त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या गालांवर ठेवले. मला वाटलं, बनावटपणा बघून धक्का बसला असेल.

मग त्यांनी चित्राच्या दोन कोपऱ्यांना बोटं लावली, अलगद उचललं आणि उलटं केलं.

"आता कसं!" दारातून आवाज आला.

गिरजाक्का दारात उभ्या होत्या. किल्ल्या नव्हत्या म्हणून आत आल्या नव्हत्या, चौकटीच्या बाहेर पायरीवर उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"त्या काय म्हणतात?" हिराता बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"काही न्हाई कसं? सांगा त्येस्नी!" गिरजाक्का आत आल्या. "मी कालच म्हनलं हुतं, बाकीच्या बी तपासा. कापड घेताना म्होरून बगत न्हाईत, पाठ बगत्यात. ठशाचा रंग पाठीला उतरतो. सांगा म्हनावं, आता त्या अकरा जनी पन उलट्या करा."

शितोळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. हिराता बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, गिरजाक्कांकडे वळल्या आणि त्यांच्यापुढे इतक्या खाली लवल्या, की आल्यापासून माझ्यापुढे तेवढ्या कधी लवल्या नव्हत्या.

गिरजाक्कांनी कोनाड्यातली पक्कड घेतली आणि पहिल्या चौकटीचे खिळे काढले. घोड्यावरची लढवय्यी बाहेर आली. समोरून राखाडी झगा, तपकिरी घोडा, माझ्या मताप्रमाणे अस्सल इतिहास. गिरजाक्कांनी तो कागद हळूच पालथा केला.

पाठीमागे जांभळा आणि गुलाबी रंग होता. पिकल्या पेरूच्या आतल्या गरासारखा ताजा गुलाबी. सातव्या चित्रात होता तोच.

दुसरं काढलं, तेच. कोल्हिणीचा झगा समोरून मातकट आणि पाठीमागे भडक जांभळा. तिसरं, चौथं, पाचवं, अशी सगळी. टेबलावर जागा पुरेना, म्हणून शितोळ्यांनी बिबट्याच्या चौथऱ्यावर सतरंजी टाकली.

"पश्चिमेच्या झरोक्याचं ऊन पडतंय हितं, रोज चार घटका," गिरजाक्का म्हणाल्या. "अठरा वर्सं. म्होरला रंग उडाला. पाठीला ऊन लागलं न्हाई, तिथं ऱ्हायला. ही एकटी पेटीत हुती म्हनून हिचं तोंड हाय तसं ऱ्हायलं. आन ह्ये बगा." त्यांनी सातव्याची आणि आठव्याची पाठ शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही कागदांवर मागून घासल्याच्या बारीक गोल खुणा होत्या. "हाताची फिरत एकच हाय. एकाच कारागिराचा हात."

मी भाषांतर केलं. माझा आवाज शितोळ्यांहून बारीक झाला होता. हिराता बाई म्हणाल्या, अगदी बरोबर. हे रंग नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वीचे, उजेडाला आणि पाण्याला फार हळवे. जगात ह्या संचाची जी चित्रं त्यांनी पाहिली ती सगळी फिकी. मूळ रंग कसे होते, हे त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. "ज्यांनी हे चित्र अंधारात जपलं त्यांना मला भेटायचंय," असं त्या म्हणाल्या.

"ह्याच त्या," मी म्हणालो.

शितोळ्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. तो गिरजाक्कांच्या पुढे धरला आणि ते म्हणाले, "अक्का, मी साठ वर्षांचा गाढव आहे." मी सव्वीस वर्षांचा होतो, पण मला तेवढंही म्हणता आलं नाही.

गिरजाक्कांनी किल्ल्या कमरेला बांधल्या, मग सातव्या चित्राकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "आता त्येस्नी इचारा, ही बाई कोन? आन धोबीण हाय का, ते पन इचारा."

मी पहिला प्रश्न विचारला. दुसरा गाळला.

हिराता बाई खुर्चीत बसल्या आणि सांगायला लागल्या. त्या एकेक वाक्य सांगायच्या आणि मी ते मराठीत गिरजाक्कांना सांगायचो. ते वाक्यावाक्याने कसं वाढलं, ते मी विसरणं शक्य नाही.

"ही जुन्या काळातली फार मोठी कवयित्री होती. दरबारात कवितांची स्पर्धा होती. तिच्यापुढे आपला टिकाव लागणार नाही, हे एका दरबारी माणसाला माहीत होतं. तोही कवीच होता. स्वतःला फार विद्वान समजायचा."

शितोळे खोकले.

"त्याने आदल्या दिवशी तिची नवी कविता चोरून ऐकली आणि एका जुन्या पोथीत आपल्या हाताने लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने भर दरबारात कविता म्हटली, तसा तो उठला आणि म्हणाला, ही... ही चोर आहे. ही कविता जुन्या पोथीतली आहे. आणि त्याने पोथी उघडून पुरावा दाखवला."

"मग वं?" गिरजाक्का बसायचं विसरून उभ्याच होत्या.

"ती म्हणाली, मला पाणी आणून द्या. भांडं आणलं. तिने सगळ्यांसमोर ती पोथी पाण्यात धुतली. जुनी शाई कागदात मुरलेली होती, ती राहिली. नवी लिहिलेली कविता... तेवढीच वाहून गेली."

गिरजाक्का चित्रावर वाकल्या. "म्हंजी कागद हाय," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं हुतं."

"हो. तुम्ही म्हणाला होता."

"आन त्या मानसाचं काय झालं?"

मी हिराता बाईंना विचारलं. उत्तर ऐकलं आणि टेबलाकडे बघत मराठीत सांगितलं. "त्याला इतकी शरम वाटली की तो स्वतःचा जीव द्यायला निघाला. तिने त्याला थांबवलं. म्हणाली, राहू दे. तुलाही कविता हवीशी वाटते म्हणूनच झालं हे."

हिराता बाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि त्या चित्रावर ओणवल्या. पोथी पाहिली, भांडं पाहिलं, मग बाही. भिंग बाहीवर थांबलं.

"इथे डाग आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याचा. अरेरे. हा कसा पडला?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शितोळ्यांना इंग्रजी कळलं नाही, पण भिंग कुठे थांबलंय ते दिसलं. "कसला डाग हो?" त्यांनी विचारलं. आणि मग त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. मामलेदारी केलेला माणूस, त्यांना माझा अहवाल आठवत असणार. "आठल्ये, ते तुमचं रासायनिक परीक्षण म्हणजे नेमकं काय केलं होतं तुम्ही?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, मला खरं सांगायचं होतं. पण डोळ्यांपुढे कायम होण्याचे उरलेले दोन महिने उभे राहिले, आणि जिभेवर ओलं केलेलं ते बोट मी हळूच पँटच्या खिशात घातलं.

"त्यो जुना हाय," गिरजाक्का म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"काच फुटली तवाचा. कौलातनं थेंब पडला हुता. म्हनून तर पेटीत घातलं मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा की साहेब त्येस्नी. जुना हाय म्हनावं."

बावीस वर्षं ज्या बाईने चिमणीचं घरटंही नोंदवहीत खरं लिहिलं, ती बाई माझ्यासमोर खोटं बोलत होती, आणि ते खोटं इंग्रजीत नेऊन पोहोचवायचं काम माझं होतं. मी पोहोचवलं. "त्या म्हणतात, डाग जुना आहे."

"मग तसंच असणार," शितोळे म्हणाले. "अक्का म्हणते म्हणजे तसंच असणार. लिही गं अक्का नोंदवहीत." त्यांनी खिशातून माझा अहवाल काढला आणि न उलगडता माझ्या हातात दिला. गिरजाक्कांनी वही उघडली आणि गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'चित्र सातवे. जांभळ्या बाहीवर डाग. जुना.'

संध्याकाळी हिराता बाईंची गाडी गेली. मी पागेत बसून बाराही पाट्या नव्याने लिहिल्या. गिरजाक्का झरोक्याला काळं कापड बांधत होत्या.

"गिरजाक्का," मी म्हणालो. त्या नावाने मी त्यांना पहिल्यांदाच हाक मारत होतो. "माझं फार चुकलं. मी तुम्हाला चोर म्हणालो. आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?"

त्यांनी कापडाची गाठ मारली आणि स्टुलावरून सावकाश उतरल्या.

"काल रातीला डोळ्याला डोळा लागला न्हाई माझ्या," त्या म्हणाल्या. "लई राग आला हुता तुमचा. आजून बी हाय." मग माझ्या हातातली ओली पाटी घेऊन त्यांनी तिच्यावर फुंकर घातली. "आमच्याकडं नव्या कापडाचा रंग असाच हाताला लागायचा. माझा बाप म्हनायचा, टाकू नगा, दोन धुन्यांत बसंल त्यो रंग."

मी दोन महिन्यांनी कायम झालो. पुढे चौतीस वर्षं खात्यात काढली, अनेक डागांवर अनेक अहवाल लिहिले, आणि कुठेही 'रासायनिक परीक्षण' हे शब्द वापरताना उजवा हात आपोआप खिशात जायचा. गिरजाक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वडिलांचं एक जाजम त्या पागेत टांगलंय, पाठ दिसेल असं. ती मांडणी मी केली.

गेल्या महिन्यात मी चिंचगडला गेलो होतो. तिथे एक तरुण मुलगी नव्याने रुजू झाली आहे, हुशार, जपानी खरोखर येणारी. तिने सातवं चित्र दाखवलं, बाहीवरचा डाग दाखवला, आणि नोंदवही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, ही नोंद शंकास्पद वाटते," ती म्हणाली. "हा डाग खरंच जुना आहे का?"

मी खिशातून हात बाहेर काढला आणि तिला सगळं सांगितलं, इथे सांगितलं तसंच, जिभेपासून. मग म्हणालो, "पण नोंद खोडू नकोस. लिहिली तेव्हा ती खोटी होती. आता एकोणचाळीस वर्षं झाली. आता तो जुना आहे."